तीन आठवडे आणि साठ वर्षं



सुरुवात एका आकड्याच्या वादापासून करतो. १९४५ साली ओकिनावा बेटावरच्या एका कड्यावरून एका सैनिकानं किती जखमी साथीदार खाली उतरवले, हा तो वाद. वरिष्ठ म्हणत होते शंभर. तो सैनिक म्हणत होता, पन्नासाच्या वर असणं शक्यच नाही, तेवढा वेळ होता कुठे? अखेर दोन्ही बाजूंनी थोडं थोडं सोडलं आणि ७५ वर तडजोड झाली. आज पुस्तकांत, चित्रपटात, पाट्यांवर दिसतो तो हाच आकडा. आपल्या नावावरचा आकडा वाढवून घेणारी माणसं आपण सगळ्यांनी पाहिली आहेत. तो कमी करा म्हणून घासाघीस करणारा मला तरी हा एकच ठाऊक आहे.

त्याचं नाव डेस्मंड थॉमस डॉस. जन्म ७ फेब्रुवारी १९१९, अमेरिकेतल्या व्हर्जिनिया राज्यात लिंचबर्ग इथे. मृत्यू २३ मार्च २००६, अलाबामातल्या पीडमाँट इथे. ८७ वर्षांचं आयुष्य. 'हॅकसॉ रिज' हा २०१६ चा चित्रपट तुमच्यापैकी अनेकांनी पाहिला असेल, त्यामुळे नाव अगदीच अनोळखी नसावं. चित्रपट संपतो तेव्हा डॉस २६ वर्षांचा आहे. त्याच्या पुढची साठ वर्षं मला आज अधिक महत्त्वाची वाटतात. ज्यांच्या स्मरणार्थ आपण दरवर्षी इथे जमतो ते स्वतः फौजेत नर्सिंग असिस्टंट होते, हे आपल्याला माहीत आहेच. त्यांच्या पेशातल्या माणसाविषयी बोलावं असं मनात होतं, आणि त्या पेशात डॉसचं नाव टाळून पुढे जाता येत नाही.

मी त्याच्याबद्दल एकेरीत बोलणार आहे. आपण विठोबालाही एकेरीतच हाक मारतो, तेव्हा त्यात अनादर कोणी पाहणार नाही अशी खात्री आहे.

घर गरिबाचं. वडील सुतार, पहिल्या महायुद्धातून परत आलेले आणि बाटलीच्या नादी लागलेले. आई चपलांच्या कारखान्यात कामाला. वडिलांनी एका लिलावात दहा आज्ञांचं एक चौकटीतलं चित्र विकत घेतलं होतं. प्रत्येक आज्ञेपाशी तिचा प्रसंग रंगवलेला. सहावी आज्ञा हत्या करू नये ही, आणि तिच्यापाशी काइन आपल्या भावाला, हाबेलला, मारून उभा आहे. लहान डेस्मंड खुर्ची ओढून तिच्यावर चढायचा आणि त्या चित्राकडे टक लावून बघायचा. भाऊ भावाला असं कसं करू शकतो, हा त्याला पडलेला प्रश्न. पुढे एक दिवस तो प्रश्न त्याच्या घरातच आला. दारूच्या भरात वडील आणि मामा-काकांपैकी एकजण हातघाईवर आले आणि वडिलांनी पिस्तूल काढलं. आईनं मध्ये पडून ते काढून घेतलं आणि मुलाच्या हातात दिलं, जा, लपवून ये. तो पळत सुटला. हातात पुन्हा हत्यार धरायचं नाही हे त्यानं त्या दिवशी ठरवलं, असं तो म्हातारपणीही सांगत असे. त्याची श्रद्धा देवळातल्या प्रवचनातून आली असं आपण सहज म्हणून जातो. मला वाटतं, निम्मी तरी ती त्या स्वयंपाकघरातून आली, आईच्या थरथरत्या हातातून.

आठवीनंतर शाळा सुटली. मंदीचे दिवस होते. लाकडाच्या वखारीत काम केलं, मग न्यूपोर्ट न्यूजच्या गोदीत जहाजांच्या सुतारकामावर लागला.

आईचा पंथ सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट. आपल्याकडे पुण्यात औंध रस्त्यावरचं स्पायसर कॉलेज ज्यांना ठाऊक आहे, त्यांना या पंथाची थोडी कल्पना असेल. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारच्या सूर्यास्तापर्यंत शब्बाथ पाळायचा, रोजचं कामकाज बंद. आहारात सात्त्विकतेवर भर, दारू-तंबाखू वर्ज्य. १८६३ साली अमेरिकेत पंथाची रीतसर संघटना झाली तेव्हा तिथे यादवी युद्ध चालू होतं, आणि पुढच्याच वर्षी या लोकांनी सरकारकडे शस्त्र न धरण्याची सवलत मागितली. देशाशी भांडण नाही, गणवेशाशीही नाही, फक्त माणूस मारणार नाही. दुसऱ्या महायुद्धाची चाहूल लागायच्या आधीच, १९३४ मध्ये, नेब्रास्कातल्या त्यांच्या युनियन कॉलेजात एव्हरेट डिक या प्राध्यापकानं मुलांना प्रथमोपचार आणि स्ट्रेचरची कवायत शिकवायला सुरुवात केली होती. फौजेत बोलावणं आलंच, तर आपली मुलं बंदुकीच्या नव्हे, औषधांच्या बाजूला उभी राहावीत, हा त्यामागचा हिशेब.

डॉसला फौजेत जायचंच नव्हतं असा अनेकांचा समज असतो. तो चुकीचा आहे. गोदीतलं काम युद्धासाठी आवश्यक मानलं जात होतं आणि त्याला त्या कारणावरून सवलत मिळू शकत होती. त्यानं ती घेतली नाही. हे युद्ध न्याय्य आहे, आपल्या वयाची पोरं मरताहेत, मग मी घरी का बसू, असं त्याचं साधं म्हणणं. १ एप्रिल १९४२ रोजी तो भरती झाला. युद्ध नाकारणाऱ्यांच्या यादीत आपलं नाव घातलेलं त्याला कधीच आवडलं नाही. मी सहकार्यच तर करतोय, असं तो म्हणायचा.

पण भरती झाल्यावर त्याला पाठवलं पायदळात, ७७ व्या डिव्हिजनच्या ३०७ व्या रेजिमेंटमध्ये. आणि तिथे हाल सुरू झाले. फौजेच्या लंगरात गळ्यात तुळशीची माळ घातलेला एखादा नवखा जवान बसला, मटणाला हात लावीना, एकादशीला जेवेना आणि वर रायफलही नको म्हणू लागला, तर बाकीची पलटण त्याला काय म्हणेल, याची कल्पना करा. रात्री तो पलंगाशी गुडघे टेकून प्रार्थनेला बसला की त्याच्या अंगावर बूट येऊन पडायचे. लढाईत गेलो की पहिली गोळी तुलाच घालीन, असंही एकानं त्याला तोंडावर सांगितलं होतं. शनिवारी सुट्टी मागतो म्हणून वरिष्ठ वैतागलेले. रायफल घ्यायचा हुकूम, कोर्ट मार्शलची धमकी, भाऊ नौदलात रवाना होण्यापूर्वी घरी आला असताना रजा नाकारणं, मानसिकदृष्ट्या अयोग्य ठरवून घरी पाठवण्याचा प्रयत्न. या शेवटच्या वाटेनं तो सहज सुटला असता. त्यानं नकार दिला, कारण देवावर विश्वास ठेवणं हे वेडाचं लक्षण आहे, असं त्या कागदावर मान्य करावं लागलं असतं.

चित्रपटातल्या न्यायालयाच्या प्रसंगाला फारसा आधार नाही. लढाईआधीची प्रेमकथाही बरीचशी पटकथाकाराची. खरी डोरोथी शुट तेव्हा नर्स नव्हती. डेस्मंड आणि तिची भेट लिंचबर्गच्या चर्चमध्ये झाली, आणि १७ ऑगस्ट १९४२ रोजी, तो आघाडीवर जाण्याच्या कितीतरी आधी, त्यांचं लग्न झालेलं होतं. तिनं त्याला एक छोटं बायबल दिलं. ते तो छातीच्या खिशात ठेवायचा. चित्रपटानं ग्वाम आणि लेते या दोन मोहिमाही गाळल्या. १९४४ मध्ये या दोन्ही ठिकाणी त्यानं गोळीबारात शिरून जखमींना बाहेर काढलं आणि ब्राँझ स्टार मिळवला. म्हणजे ओकिनावाला पोचेपर्यंत पलटणीचं मत बदललेलं होतं. चित्रपटात एका रात्रीत होतो तो बदल खरं तर दोन बेटांवर, अनेक महिन्यांत, एकेका जखमीबरोबर झाला.

आता तो कडा. जपानी नाव माएदा, आजच्या उरासोए शहरात. एकूण उंची चारशे फुटांच्या घरात, वरचा काही भाग जवळजवळ सरळसोट. आत जपानी सैन्यानं बोगदे आणि गुहांचं जाळं खणलेलं. नौदलाकडून जहाजावरची दोरखंडाची मोठी जाळी आणून ती वरून खाली सोडली, म्हणजे जवानांना चढता यावं. ती जाळी बांधायला जे मोजके लोक आधी वर गेले, त्यांत हा बिनहत्यारी माणूस होता.

हल्ला वरपर्यंत पोचला आणि तोफा, उखळी तोफा, मशीनगन यांच्या माऱ्यात मोडला. उभे होते ते माघारी फिरले, पडले ते वरच राहिले. डॉसही वरच राहिला. एकेका जखमीला ओढत, उचलत तो कड्याच्या टोकाशी आणायचा, दोराला बांधायचा आणि दोर आवळून धरून सावकाश खाली सोडायचा. इथे एक तपशील सांगायलाच हवा. प्रशिक्षणात गाठी शिकवताना त्यानं दुहेरी दोरानं बोलाइन गाठ मारली आणि एकाऐवजी दोन फासे तयार झाले. सगळे हसले असतील. कड्यावर तेच दोन फासे कामी आले, जखमीचे दोन पाय त्या दोघांत, आणि छातीभोवती आणखी एक वेढा. जखमी उलटा लटकत नाही, निसटत नाही. गाठी बांधणं हे हातांचं काम आहे, आणि सुताराच्या हातांना ते बरं जमतं. तासामागून तास तो हेच करत होता आणि मनात मागणं एकच, आणखी एक मिळू दे. शौर्य म्हटलं की आपल्याला एक झेप दिसते. इथे झेप नव्हती, एकच काम पुन्हा पुन्हा करणं होतं, आणि दर खेपेला सुरक्षित बाजूला पोचूनही पुन्हा उलटं फिरणं होतं.

५ मे १९४५ हा दिवस शनिवारचा होता. सन्मानपत्रात त्या तारखेचीही नोंद आहे, गोळीबारात शिरून जखमीवर उपचार केल्याची. ज्या शनिवारसाठी तो छावणीत बूट खात होता, त्याच शनिवारी तो रक्तात माखलेला होता. त्यात त्याला विसंगती वाटली नाही. येशूनं शब्बाथाच्या दिवशी आजाऱ्यांना बरं केलं, मग मलाही चालतं, एवढं त्याचं तर्कशास्त्र.

सन्मानपत्रात २९ एप्रिल ते २१ मे असा कालावधी दिलेला आहे. म्हणजे तीन आठवड्यांहून थोडे अधिक दिवस. २१ मेच्या रात्री शुरी गावाजवळच्या हल्ल्यात हातबाँब फुटून त्याच्या पायांत लोखंडाचे तुकडे घुसले. दुसऱ्या वैद्यकीय जवानाला आडोशातून बाहेर काढायला नको म्हणून त्यानं आपल्या जखमा आपणच बांधल्या आणि पाच तास पडून राहिला. स्ट्रेचर आलं. वाटेत रणगाड्यांचा हल्ला झाला. बाजूला आपल्याहून वाईट अवस्थेतला एक जखमी दिसला तेव्हा तो स्ट्रेचरवरून उतरला आणि त्याला आधी न्या म्हणाला. तिथे थांबलेला असताना गोळी लागून हाताचं हाड मोडलं. पडलेल्या रायफलीचा दस्ता घेऊन त्यानं तो हाताला आधार म्हणून बांधला आणि तीनशे यार्ड रांगत मदतकेंद्र गाठलं. साऱ्या युद्धात त्यानं बंदुकीचा केलेला उपयोग हा एवढाच.

त्या गडबडीत डोरोथीचं बायबल हरवलं. रुग्णालयातून त्यानं निरोप पाठवला, आणि एके काळी त्याच्यावर बूट फेकणाऱ्या पलटणीनं रणांगण पालथं घालून ते शोधून काढलं आणि त्याच्याकडे पाठवलं. १२ ऑक्टोबर १९४५ रोजी राष्ट्राध्यक्ष ट्रूमन यांनी व्हाइट हाउसच्या हिरवळीवर त्याच्या गळ्यात मेडल ऑफ ऑनर घातलं. शस्त्र नाकारणाऱ्या सैनिकाला ते पहिल्यांदाच मिळत होतं. त्याला पलटणीतून घालवायच्या प्रयत्नात असलेले कॅप्टन जॅक ग्लोव्हर यांनी पुढे कॅमेऱ्यासमोर कबूल केलं की ज्याला मी हाकलत होतो त्यानंच माझा जीव वाचवला.

पराक्रमाच्या बहुतेक कथा इथे संपतात. पदक गळ्यात पडतं, बँड वाजतो, माणूस घरी येतो.

हा माणूस घरी आलाच नाही, निदान नीटसा नाही. लेते बेटावरच त्याला क्षयाची लागण झालेली होती. निदान झालं १९४६ मध्ये. क्षयाची खात्रीची औषधं तेव्हा नुकती कुठे येऊ लागली होती. मिरजेच्या सॅनेटोरियमच्या आठवणी ज्यांच्या घरात आहेत त्यांना वेगळं सांगायला नको, शस्त्रक्रिया आणि महिनोन्महिने अंथरूण, हाच उपचार. डॉसचं डावं फुप्फुस काढलं आणि पाच बरगड्या काढल्या. रुग्णालयांतून तो सुटला १९५१ मध्ये, ९० टक्के अपंग असा शिक्का घेऊन. त्याचा मुलगा जन्मला १९४६ मध्ये. या दोन सनांमधली वजाबाकी करून बघा. मूल रांगलं, चाललं, बोललं, शाळेत जायच्या वयाचं झालं, आणि बाप रुग्णालयात. क्षयाच्या रुग्णाच्या मांडीवर मूल देत नसत.

या पाच वर्षांवर कोणी चित्रपट काढत नाही. काढावा असंही माझं म्हणणं नाही, पण सैनिकाच्या आयुष्याचा हिशेब मांडताना ही पाच वर्षं कोणाच्या खात्यावर टाकायची? सन्मानपत्रात एकच नाव असतं. पण ९० टक्के ही जी वजावट झाली ती एकट्या डेस्मंडच्या शरीरातून झाली नाही. ती डोरोथीच्या आयुष्यातून झाली. सुतारकाम हा नवऱ्याचा धंदा, आणि एका फुप्फुसावर, अधू हातानं पूर्णवेळ सुतारकी होत नाही. तेव्हा तिनं शिक्षण घेतलं आणि ती नर्स झाली, नोकरी केली, संसार चालवला. चित्रपटानं तिला पहिल्या भेटीपासूनच पांढऱ्या गणवेशात दाखवलं. दिसायला छान आहे, पण त्यामुळे खरी गोष्ट उलटी झाली. ती नर्स असल्यामुळे त्याच्या आयुष्यात आली नव्हती, त्याच्या जखमांमुळे तिला नर्स व्हावं लागलं. मला हा फरक मोठा वाटतो. पटकथेत जी शोभा होती ती प्रत्यक्षात पोटापाण्याची गरज होती.

आपल्या भागात घराघरांतून माणसं फौजेत गेलेली आहेत, आणि गावाच्या नावापुढे 'मिलिटरी' लावणारं अपशिंगे आपल्याला लांबचं नाही. तेव्हा इथे बसलेल्या बायकांना मी हे समजावून सांगावं असं नाही. त्यांना ते माझ्यापेक्षा जास्त कळतं.

डॉस कुटुंब जॉर्जिया राज्यात लुकआउट माउंटनवर, रायझिंग फॉन नावाच्या वस्तीपाशी स्थिरावलं. थोडी शेती, जमेल तसं सुतारकाम, आणि चर्च. पंथाच्या तरुणांच्या शिबिरांतून तो बोलायचा. मिशिगनमध्ये वैद्यकीय कॅडेटांच्या एका छावणीला त्याचं नाव दिलं होतं. १९५९ मध्ये 'धिस इज युअर लाइफ' या लोकप्रिय दूरदर्शन कार्यक्रमानं त्याला बोलावलं, १९६७ मध्ये बूटन हर्नडन यांचं चरित्र आलं. हॉलीवूडवाले मात्र वर्षानुवर्षं दारातून परत गेले. त्याला नको होतं. आपल्या तोंडी नको ते शब्द घालतील, श्रद्धेची चेष्टा करतील, ही भीती. पैशाची गरज नव्हती असं म्हणावं तर तसं अजिबात नव्हतं. हा नकार मला रायफलीच्या नकाराएवढाच अवघड वाटतो. रायफलीच्या वेळी तो विशीत होता आणि समोर शत्रू होते. इथे समोर चेकबुक घेऊन आलेले सज्जन होते.

१९७६ मध्ये प्रतिजैविकाची मात्रा जास्त झाली आणि दोन्ही कान गेले. पूर्ण बहिरेपण. १९८८ मध्ये कॉक्लिअर इम्प्लांट बसेपर्यंत, म्हणजे बारा वर्षं, तो आवाजाशिवाय जगला. भाषणं द्यायचा, पण श्रोत्यांचे प्रश्न त्याला कोणीतरी लिहून दाखवावे लागत, आणि ते कोणीतरी म्हणजे बहुतेकदा डोरोथीच असणार. आधी फुप्फुस, मग कान. युद्ध संपून तीस वर्षं झाली होती आणि उपचारांचं बिल अजून येतच होतं.

मग १७ नोव्हेंबर १९९१. डोरोथीला कर्करोग झाला होता. तिला रुग्णालयात न्यायला गाडी डॉस स्वतः चालवत होता. गाडीवरचा त्याचा ताबा सुटला, अपघात झाला आणि डोरोथी गेली. लग्नाला ४९ वर्षं झाली होती.

इथे मला थोडं थांबायला हवं. ज्यानं कड्यावरून इतक्या परक्या पोरांना दोरानं जपून खाली उतरवलं, त्याच्या हातून त्याच्या बायकोला रुग्णालयापर्यंत पोचवता आलं नाही. हा योगायोग मांडून श्रोत्यांच्या डोळ्यांत पाणी आणणं सोपं आहे, आणि धार्मिक साहित्यात तो देवाच्या इच्छेकडे वळवून लगेच बंदही केला जातो. मला दोन्ही नको वाटतं. ७२ वर्षांचा, एका फुप्फुसाचा, यंत्राच्या आधारानं ऐकणारा माणूस चाकामागे बसला होता. त्याची श्रद्धा त्यानंतरही टिकली, हे खरं आहे. पण ती कड्यावरच्या श्रद्धेपेक्षा वेगळी असणार. कड्यावर तो 'आणखी एक' मागत होता आणि त्याला मिळत होतं. इथे त्यानं मागितलेलं मिळालं नाही आणि तरी तो शनिवारी चर्चमध्ये जात राहिला. पहिल्या प्रकारच्या श्रद्धेला पदक मिळतं. दुसरीला काही मिळत नाही, आणि तीच कठीण असते.

१ जुलै १९९३ रोजी त्यानं फ्रान्सिस डुमन यांच्याशी लग्न केलं. म्हातारपणी दुसरं लग्न म्हटलं की आपल्याकडे भुवया उंचावतात. या बाईंनी त्याची शेवटची तेरा वर्षं सांभाळली आणि त्याच्यावर पुस्तक लिहिलं. आयुष्याच्या अखेरीला त्यानं आपली गोष्ट सांगायला परवानगी दिली, तीही आपल्या पंथातल्या माणसांवर विश्वास ठेवून. टेरी बेनेडिक्ट यांचा माहितीपट २००४ मध्ये आला. त्यात ग्लोव्हर आहेत, पलटणीतले इतर म्हातारे आहेत, आणि स्वतः डॉस आहे, हळू बोलणारा, स्वतःच्याच गोष्टीनं थोडा संकोचलेला. मेल गिब्सनचा 'हॅकसॉ रिज' आला तेव्हा त्याला जाऊन दहा वर्षं झाली होती.

आता एक आक्षेप, आणि तो साधासुधा नाही, कारण तो घेणारे गांधीजी आहेत. बोअर युद्धात त्यांनी सुमारे अकराशे भारतीयांचं शुश्रूषा पथक उभं केलं होतं आणि १९०० च्या जानेवारीत स्पिऑन कॉपच्या लढाईत स्ट्रेचर वाहिले होते. म्हणजे डॉसचं काम त्यांनी स्वतः केलेलं होतं. तरीही आत्मकथेत त्यांनी स्पष्ट म्हटलं आहे की युद्धात जखमींची सेवा करणाराही युद्धाच्या दोषातून मुक्त होत नाही. आणि हे खरं आहे. डॉसनं उतरवलेल्या जखमींपैकी जे बरे झाले त्यांनी पुन्हा बंदूक धरलीच असणार. सैन्य वैद्यकीय जवान ठेवतं ते केवळ दयेपोटी नव्हे. डॉसच्याच पंथाचं पुढचं उदाहरण घ्या. १९५४ ते १९७३ या काळात अमेरिकी सैन्यानं 'ऑपरेशन व्हाइटकोट' नावाखाली जैविक युद्धाशी संबंधित वैद्यकीय प्रयोग केले, आणि त्यासाठी स्वतःच्या शरीरात जंतू घालून घेणारे सुमारे २,३०० स्वयंसेवक बहुतांशी याच पंथाचे शस्त्र न धरणारे तरुण होते. मारायचं नाही म्हणून ते तिकडे गेले, आणि नकळत मारण्याच्या शास्त्राच्या कडेला जाऊन उभे राहिले. ओकिनावावर स्थानिक नागरिकांपैकी सुमारे चौथा हिस्सा मेला असं मानलं जातं. त्यांना त्या कड्यावरून कोणी उतरवलं नाही.

गांधीजींशी डॉसची गाठ घालून दिली असती तर? मला वाटतं डॉसनं वाद घातला नसता. तो अहिंसेचा सिद्धांत मांडणारा नव्हताच. त्यानं युद्ध चूक आहे असं कधी म्हटलं नाही, उलट ते जिंकावं असंच त्याला वाटत होतं. त्यानं फक्त आपल्या दोन हातांपुरती एक रेघ आखली आणि बाकीचं जग त्या रेघेत आणायचा हट्ट धरला नाही. शेजारच्या बंकवरचा जवान रायफल साफ करत असताना त्यानं त्याला कधी उपदेश केला नाही, त्याच्या जखमेला पट्टी बांधली. तत्त्वज्ञान म्हणून हे अपुरं आहे, यात शंका नाही. गांधीजींची कसोटी लावली तर नापासच. पण मला त्याचं एक बळ दिसतं. स्वतःपुरती रेघ आखणारा माणूस सगळा हिशेब स्वतःच चुकता करतो. निदान तशी त्याची समजूत असते. प्रत्यक्षात तो घरच्यांकडूनही चुकता होतो, हे डोरोथीच्या नोकरीनं दाखवून दिलं आहे.

डॉसनंतर शस्त्र नाकारणाऱ्या आणखी दोघांना मेडल ऑफ ऑनर मिळालं, दोघेही व्हिएतनाममधले वैद्यकीय जवान, थॉमस बेनेट आणि जोसेफ लापॉइंट. दोघांनाही मरणोत्तर. दोघेही १९६९ साली जखमींकडे धावताना मारले गेले, बेनेट २१ वर्षांचा असताना, लापॉइंट २० वर्षांचा. तिघांच्या सन्मानपत्रांची भाषा जवळजवळ सारखी आहे. कड्यानंतरचं आयुष्य त्यांतल्या एकालाच मिळालं, आणि त्याची नोंद सन्मानपत्रात नाही, ती रुग्णालयाच्या कागदांत आणि एका नर्सच्या पगारपत्रकात आहे. सैनिकांची चरित्रं लिहिणाऱ्या आपल्याकडच्या तरुणांना मी ही विनंती करणार आहे, की पदकाची तारीख मिळाली की लेखणी खाली ठेवू नका. घरी जा, पेन्शनचे कागद मागा, आणि त्या घरातल्या बाईला विचारा, त्या वर्षी घर कसं चाललं.